मृत्युपत्रात थोरल्या मुलाचं नाव का सापडत नाही?

इंग्लंडमध्ये चर्चच्या नोंदवहीत बाप्तिस्मा, लग्न आणि दफन लिहून ठेवायला सुरुवात झाली १५३८ मध्ये, आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याच्या आदेशानं. त्याआधीचा पूर्वज शोधायचा असेल तर जन्मतारीख मिळणार नाही हे धरूनच चालावं. हाती लागतात कराच्या याद्या, जमिनीचे दावे, मॅनरच्या, म्हणजे जमीनदाराच्या जहागिरीच्या, न्यायालयातले दंड आणि नशीब जोरावर असेल तर एखादं मृत्युपत्र. ते मिळालं की शोधणारा हुरळून जातो, कारण बायको, मुलं, जावई, नोकर, गाव, चर्च असं सगळं एकाच पानावर येतं. मग ती नावं जशीच्या तशी वंशावळीत उतरतात आणि घोटाळा तिथेच होतो. मध्ययुगीन मृत्युपत्र वारसांची यादी म्हणून लिहिलं जात नसे. ते आत्म्याच्या सोयीसाठी आणि घरातल्या वस्तू वाटण्यासाठी असे. पिढ्यांना जोडणारी गोष्ट म्हणजे जमीन, आणि तिचा हिशोब बहुतेक वेळा दुसरीकडेच असतो.

मुळात कागद दोन असत. एक टेस्टामेंट, म्हणजे जंगम मालाची वाटणी, बहुधा लॅटिनमध्ये. दुसरा लास्ट विल, म्हणजे जमिनीबद्दलची इच्छा, आणि पंधराव्या शतकात हा भाग बऱ्याचदा इंग्रजीत. दोन्ही कधी एकाखाली एक नोंदलेले मिळतात, कधी फक्त पहिला मिळतो. कॉमन लॉप्रमाणे, म्हणजे देशभर चालणाऱ्या राजाच्या न्यायालयांच्या कायद्यानं, जमीन मृत्युपत्रानं देताच येत नसे. ती थोरल्या मुलाकडे आपोआप जाई. लंडन आणि काही शहरांमध्ये रिवाजानं शहरातली घरं मृत्युपत्रानं देता येत, पण तो अपवाद. केंटमध्ये गॅव्हलकाइंड नावाच्या पद्धतीनं सगळ्या मुलग्यांना सारखा वाटा मिळे, काही शहरांत आणि मॅनरमध्ये तर धाकट्यालाच. बाकी देशभर लोकांनी पळवाट काढली होती: जिवंतपणीच जमीन चार-सहा भरवशाच्या माणसांच्या नावे करायची आणि आपल्या पश्चात ती कोणाला द्यायची हे त्यांना सांगून ठेवायचं. या माणसांना फिओफी म्हणत. १५३६ च्या कायद्यानं ही वाट अडवली, ओरड झाली, आणि १५४० च्या कायद्यानं जमीन मृत्युपत्रानं द्यायची रीतसर मुभा मिळाली. म्हणून आपला कागद १५३६ च्या आधीचा, १५४० च्या नंतरचा की मधल्या अडचणीच्या चार वर्षांतला, हे सगळ्यात आधी पाहावं. त्यावर त्याच्या गप्प राहण्याचा अर्थ ठरतो.

थोरल्याला जमीन मिळणारच होती, म्हणून टेस्टामेंटमध्ये त्याला चांदीचा एखादा पेला मिळतो किंवा काहीच नाही. लग्न झालेल्या मुलीचा हुंडा आधीच दिलेला असतो, म्हणून तीही नसते. शिवाय यॉर्क प्रांतात आणि लंडन शहरात रिवाज असा की बायको-मुलं असलेल्या माणसाच्या जंगम मालाचे तीन भाग पडत: एक बायकोचा, एक मुलांचा, आणि एक मेलेल्याचा. मृत्युपत्र चालायचं ते या तिसऱ्या भागावर. मुलांचा हक्काचा भाग लिहून देण्याची गरज नव्हती. तेव्हा ‘मृत्युपत्रात मुलगा नाही, म्हणजे निपुत्रिक’ हा निष्कर्ष जवळजवळ कधीच काढू नये.

आता कागद कुठे शोधायचा. १२ जानेवारी १८५८ पर्यंत मृत्युपत्रं प्रमाणित करण्याचं, म्हणजे प्रोबेटचं, काम चर्चच्या न्यायालयांकडे होतं आणि त्यांची उतरंड होती. एका आर्चडीकनच्या, म्हणजे बिशपच्या हाताखालच्या अधिकाऱ्याच्या, हद्दीत मालमत्ता असेल तर आर्चडीकनचं न्यायालय, त्याहून पसरलेली असेल तर बिशपचं, एकापेक्षा जास्त बिशपांच्या प्रांतांत असेल तर कँटरबरी किंवा यॉर्कच्या आर्चबिशपचं. कँटरबरीच्या प्रेरॉगेटिव्ह कोर्टाच्या, म्हणजे तिथल्या आर्चबिशपच्या न्यायालयाच्या, नोंदवह्या १३८४ पासूनच्या आहेत. त्या लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये प्रॉब ११ या मालिकेत असून त्यांच्या प्रतिमा ऑनलाइन मिळतात. म्हणून सगळे तिथेच शोधतात आणि तिथे नाव नसलं की हात टेकतात. साधा शेतकरी, विणकर, खाटीक यांची मृत्युपत्रं सहसा तिथे पोचत नसत. ती स्थानिक न्यायालयांत राहिली: नॉर्विचच्या बिशपच्या न्यायालयातली १३७० पासून नॉरफोकच्या अभिलेखागारात, यॉर्कची १३८९ पासून तिथल्या बोर्थविक इन्स्टिट्यूटमध्ये, लंडनच्या कमिसरी कोर्टाची, म्हणजे बिशपच्या प्रतिनिधीच्या न्यायालयाची, १३७४ पासून द लंडन आर्काइव्ह्जमध्ये (पूर्वीचं लंडन मेट्रोपॉलिटन आर्काइव्ह्ज). लंडन शहराच्या स्वतःच्या हस्टिंग न्यायालयाची तर १२५८ पासून आहेत, पण तिथे नोंदला जाई तो शहरातल्या घरजागेचा भाग. त्यामुळे एकाच लंडनकराचं मृत्युपत्र हस्टिंगमध्येही आणि चर्चच्या न्यायालयातही सापडू शकतं आणि दोन्ही वाचावी लागतात.

हद्दी आजच्या नकाशावरून ठरवू नका. ऑक्सफर्ड आणि पीटरबरोचे बिशप १५४१-४२ मध्ये नेमले गेले. त्याआधी लिंकनच्या बिशपचा प्रांत हंबर नदीपासून थेट थेम्सपर्यंत होता. ऑक्सफर्डशर, नॉर्थम्प्टनशर, बेडफर्डशर, बकिंगहॅमशर, सगळं त्यात. ऑक्सफर्डजवळच्या गावचा माणूस लिंकनच्या नोंदवह्यांत सापडला तर त्यात नवल नाही. त्यातही काही गावं ‘पेक्युलियर’, म्हणजे आसपासच्या बिशपच्या अखत्यारीबाहेरची, कुठल्या तरी डीनच्या किंवा मठाच्या ताब्यातली. आर्चबिशपची गादी रिकामी असताना कँटरबरीच्या मठाच्या नोंदवहीत मृत्युपत्रं उतरवली गेली, तीही एक जागा. शेवटी, कागद नष्ट झाला असेल हेही शक्य आहे: १९४२ च्या बॉम्बहल्ल्यात एक्सेटरचं प्रोबेट कार्यालय जळालं आणि डेव्हन-सॉमरसेटच्या मृत्युपत्रांचा मोठा साठा गेला. तिथे आता जुन्या अभ्यासकांनी आधी करून ठेवलेल्या नकलांवरच भिस्त.

प्रॉब ११ मधला कागद म्हणजे मूळ मृत्युपत्र नव्हे. प्रोबेट झाल्यावर कारकुनानं वहीत उतरवलेली ती प्रत आहे. मेलेल्याची सही किंवा मोहोर तिथे शोधू नये, आणि नावाचं स्पेलिंग हे कारकुनाचं समजावं. जुन्या पुस्तकांत ‘१२ लॉग’ असा संदर्भ दिसला तर गोंधळू नका. वह्यांना एखाद्या मृत्युपत्र करणाऱ्याचं नाव दिलेलं असे, बहुधा पहिल्याच; आकडा आहे तो आठ पानांच्या जुडगीचा. लॉग म्हणजे आजचं प्रॉब ११/७, १४७९ ते १४८६.

वाचताना पहिले दोन दिवस अक्षराशी झगडण्यात जातात, त्याला इलाज नाही. आय, एम, एन, यू ही चारही अक्षरं सारख्याच उभ्या काड्यांची, आणि आयवर टिंब असेलच असं नाही. सलग सात काड्या दिसल्या की शक्यता मोजाव्या लागतात. सी आणि टी हुबेहूब, लांब एस आणि एफ जवळजवळ सारखे. आडनाव अडलं तर त्याच कारकुनानं त्याच पानावर ओळखीचा लॅटिन शब्द कसा लिहिलाय ते पाहा आणि त्यावरून अक्षरं जुळवा. सूचीतलं आडनाव कोणीतरी याच काड्यांमधून वाचलेलं असतं, म्हणून शोधताना यूच्या जागी एन आणि सीच्या जागी टी घालूनही बघावं.

रकमा रोमन आकड्यांत असतात आणि शेवटचा ‘आय’ ‘जे’सारखा खाली ओढलेला असतो. एक पौंड म्हणजे २० शिलिंग, म्हणजे २४० पेन्स. मार्क हे नाणं नव्हतं, हिशोबाचं एकक होतं: १३ शिलिंग ४ पेन्स. त्याचा अर्धा, ६ शिलिंग ८ पेन्स, सतत भेटतो. शंभर मार्क म्हणजे ६६ पौंड १३ शिलिंग ४ पेन्स. चारच्या आकड्यावर डोक्याशी बारीक दोन एक्स असतील तर ते चार विसा, म्हणजे ८०. नकलेत ते बारीक एक्स ओळीत उतरले की आकडा भलताच होतो आणि शेळ्यामेंढ्यांचा कळप एका फटक्यात घटतो.

तारखांचं प्रकरण जास्त महाग पडतं. कारकुनाचं वर्ष २५ मार्चला सुरू होई, आणि ही पद्धत १७५२ पर्यंत टिकली. त्यामुळे २० फेब्रुवारी १४५२ असं लिहिलेलं मृत्युपत्र आपल्या हिशोबानं १४५३ चं. त्याचं प्रोबेट १२ मे १४५३ ला असेल तर मधलं अंतर सव्वा वर्षाचं वाटतं, प्रत्यक्षात तीन महिनेही नाही. मृत्यू या दोन तारखांच्या मध्ये कधीतरी. दुसरी रीत राजाच्या कारकिर्दीच्या वर्षाची आणि संतांच्या सणांची. ‘हेन्री सहाव्याच्या तिसऱ्या वर्षी, संत मार्टिनच्या सणानंतरचा सोमवार’ हे कसं सोडवायचं? त्याची कारकीर्द १ सप्टेंबर १४२२ ला सुरू, म्हणजे तिसरं वर्ष १ सप्टेंबर १४२४ ते ३१ ऑगस्ट १४२५. संत मार्टिन ११ नोव्हेंबरला. १४२४ मध्ये, जुन्या ज्युलियन पंचांगानं, तो शनिवार. म्हणून तारीख १३ नोव्हेंबर १४२४. वार काढताना आजचं ग्रेगोरियन पंचांग मागे ताणणारं साधन वापरलं तर वार चुकतो.

मजकुराचा साचा ठरलेला असतो. देवाच्या नावानं सुरुवात, शुद्धीत असल्याचं सांगणं, आत्मा देवाला, मेरीला आणि सर्व संतांना, मग शरीर अमुक चर्चच्या आवारात. मग विसरलेल्या धर्मकराबद्दल मुख्य वेदीला काही पैसे. या सुरुवातीच्या ओळी बरेच जण ओलांडून जातात आणि मुलांची नावं हुडकतात. खरं तर वंशावळीचा ऐवज याच भागात जास्त असतो. वेदीला १२ पेन्स देणारा आणि ६ शिलिंग ८ पेन्स देणारा एका ऐपतीचे नव्हेत. चर्चच्या आवारात दफन नको, आत अमुक संताच्या वेदीपुढे, वडिलांच्या शेजारी हवं असं कोणी लिहिलं, तर वडिलांचं गाव मिळालं आणि घराण्याची पत कळली. लंडनमध्ये पैसा केलेला व्यापारी दूरच्या एका खेड्यातल्या चर्चला छपरासाठी किंवा घंटेसाठी रक्कम ठेवतो. ते बहुधा त्याचं मूळ गाव, आणि काही वेळा ‘जिथे माझा बाप्तिस्मा झाला’ असं सरळ लिहिलेलंही असतं. पुढचा शोध त्या खेड्याच्या मॅनरच्या कागदांत.

त्याहून मोलाचं कलम म्हणजे प्रार्थनेचं. एखादा पाद्री वर्षभर नेमून आत्म्यासाठी ‘मास’ हा प्रार्थनाविधी म्हणवून घ्यायचा, त्याला साधारण आठ ते दहा मार्क. तो कोणाकोणाच्या आत्म्यासाठी म्हणायचा ही यादी लिहिलेली असते: माझा, वडिलांचा आणि आईचा नावानिशी, आधीच्या बायकोचा, कधी एखाद्या उपकारकर्त्याचा. १५३८ पूर्वी आईचं पाळण्यातलं नाव मिळण्याच्या जागा मोजक्याच, त्यातली ही एक. पाद्रीची नेमणूक म्हणून हे कलम अनुवादात किंवा सारांशात हमखास गाळलं जातं. जुने छापील सारांश नावं शोधायला उपयोगी, पण त्यावर थांबू नये.

नात्यांचे शब्द जपून घ्यावेत. लॅटिनमधला ‘नेपोस’ नातूही असतो आणि पुतण्या-भाचाही. ‘कझिन’ म्हणजे कुठलाही नातलग, पुतण्या आणि नातूसुद्धा. ‘सन-इन-लॉ’ सावत्र मुलगा असू शकतो, ‘ब्रदर’ मेहुणा असू शकतो. सगळ्यात जास्त फसवतो ‘फिलिओलुस’. तो धाकटा मुलगा वाटतो, पण तो धर्मपुत्र, म्हणजे ज्याच्या बाप्तिस्म्याला हा माणूस उभा राहिला तो. प्रथा अशी की मुलाला धर्मपित्याचं नाव मिळे. एका मृत्युपत्रात प्रत्येकी १२ पेन्स मिळणारे पाच जॉन दिसले तर ते धर्मपुत्र असण्याची शक्यता दाट. याच प्रथेमुळे एका घरात दोन सख्खे जिवंत भाऊ एकाच नावाचे असतात, थोरला जॉन आणि धाकटा जॉन. वंशावळीत ‘नाव दोनदा आलं, म्हणजे पहिला वारला’ असं गृहीत धरणं हे पुढच्या शतकांतलं तर्कट. इथे ते चालत नाही.

जमिनीचा भाग सापडला असेल तर तो शब्दन्‌शब्द उतरवून घ्या. ‘मुलगा अमुक आणि त्याची औरस संतती, ती नसेल तर त्याचा भाऊ तमुक, तोही निपुत्रिक गेला तर माझी मुलगी, मग माझ्या बहिणीचा मुलगा.’ ही पर्यायांची साखळी नात्यांबाबत बाकी मजकुरापेक्षा कितीतरी काटेकोर असते, कारण त्यात चूक झाली तर जमीन जाणार. मुलांचा क्रमही तिच्यातून मिळतो. आणि २१ वर्षांचा होईपर्यंत कोणी सांभाळायचं असं लिहिलेलं असेल तर वयाची एक वरची मर्यादा हाती येते.

शेवटची लॅटिन ओळ प्रोबेटची. मृत्युपत्र अमलात आणायला नेमलेल्या माणसांपैकी, म्हणजे एक्झिक्युटरांपैकी, कोण हजर राहून शपथ घेऊन गेला, कोणी जबाबदारी नाकारली, कोणाचा अधिकार राखून ठेवला, हे तिथे असतं. नेमलेल्या तिघांपैकी एकाचा उल्लेखच नसेल तर तो मधल्या काळात वारला का, हे तपासायला हवं.

इथपर्यंत जे जमलं ते एका दिवसाचं छायाचित्र झालं. त्याला मागच्या-पुढच्या पिढीशी बांधायचं ते जमिनीच्या कागदांनी. माणूस थेट राजाची जमीन धरून असेल तर मृत्यूनंतर चौकशी व्हायची, इन्क्विझिशन पोस्ट मॉर्टेम. तीत मृत्यूची तारीख, जमिनी, वारसाचं नाव आणि वय असतं. मृत्युपत्रातला गायब थोरला इथे उभा राहतो. वय मात्र अंदाजे. ‘२१ आणि अधिक’ याचा अर्थ सज्ञान, एवढाच. माणूस मॅनरची कूळजमीन कसणारा असेल तर मॅनरच्या न्यायालयाच्या गुंडाळ्या, म्हणजे गुंडाळून ठेवलेल्या नोंदी, बघायच्या: अमुक मेला, त्याच्याकडून उत्तम जनावर हेरियट, म्हणजे जमीनदाराचा हक्क, म्हणून घेतलं, त्याचा मुलगा आला, नजराणा भरला, जमीन घेतली. कोणत्या मॅनरची कागदपत्रं कुठे आहेत ते मॅनोरियल डॉक्युमेंट्स रजिस्टर सांगतं. जमिनीच्या खरेदी-व्यवस्थेसाठी फीट ऑफ फाइन्स, म्हणजे राजाच्या न्यायालयात नोंदलेले जमिनीचे तडजोड-करार, ११९५ पासून सुरू.

भांडणं झाली असतील तर शोधणाऱ्याची चंगळ. फिओफींनी जमीन दाबून ठेवली, एक्झिक्युटरनं पैसे दिले नाहीत, की वारस चान्सरीत, म्हणजे चान्सलरच्या न्यायालयात, अर्ज टाकायचे. हे अर्ज नॅशनल आर्काइव्ह्जच्या सी १ या मालिकेत आहेत. त्यात ‘माझे वडील अमुक, त्यांचे वडील तमुक’ अशी दोन-तीन पिढ्यांची कैफियत असते. अर्जावर तारीख बहुधा नसते. ज्या चान्सलरला तो लिहिलाय त्याच्या पदावरून, तो अमुक ठिकाणचा बिशप की आर्चबिशप यावरून, काही वर्षांचा टप्पा ठरतो. आणि कैफियत ही एका पक्षाची बाजू असते, हे सोडू नये.

कॉमन प्लीज या दिवाणी दाव्यांच्या न्यायालयाच्या गुंडाळ्या, सीपी ४०, अवाढव्य आहेत, पण त्यांच्या प्रतिमा अँग्लो-अमेरिकन लीगल ट्रॅडिशन या संकेतस्थळावर फुकट बघता येतात. तिथे एक्झिक्युटर मेलेल्याची उधारी वसूल करायला उभे असतात. विधवेनं दुसरं लग्न केलं असेल तर नवरा सहवादी असतो: ‘अमुक आणि त्याची बायको अ‍ॅलिस, तमुकच्या टेस्टामेंटची एक्झिक्युट्रिक्स’. एका ओळीत तिचं पुढचं आडनाव. त्यावरून तिचं स्वतःचं मृत्युपत्र शोधा. विवाहित स्त्रीला नवऱ्याच्या संमतीशिवाय मृत्युपत्र करता येत नसे, पण विधवेला येई, आणि दोन-तीन नवरे पाहिलेल्या विधवेचं मृत्युपत्र नवऱ्याच्या मृत्युपत्रापेक्षा जास्त बोलतं. मुलींना झगे, पलंगपोस, मण्यांच्या माळा नावानिशी दिलेल्या असतात, आणि कोणतं मूल कोणत्या नवऱ्याचं तेही बऱ्याचदा कळतं. याच गुंडाळ्यांचा आणखी एक फायदा: १४१३ च्या कायद्यानंतर बऱ्याच दाव्यांत प्रतिवादीचा दर्जा किंवा धंदा आणि गाव लिहिणं सक्तीचं झालं. एकाच नावाचे तीन जण एकाच परगण्यात असतील तर त्यांना वेगळं करायला याहून हुकमी साधन क्वचितच मिळेल.

हेराल्डांनी, म्हणजे कुलचिन्हांची नोंद ठेवणाऱ्या राजाच्या अधिकाऱ्यांनी, १५३० पासून गावोगाव फिरून नोंदलेल्या वंशावळी, व्हिजिटेशन्स, या वाटेवर भेटतातच. सांगणाऱ्याच्या आजोबांपर्यंत त्या बऱ्याचशा ठीक असतात. त्यापलीकडे घराण्याची हौस बोलते. तिथला एखादा दुवा मृत्युपत्रातल्या नावाशी जुळला म्हणून तो सिद्ध झाला असं नाही, कारण नाव तेच असण्यात काहीच विशेष नव्हतं. तीच जमीन, तेच शेत, तोच मॅनर बापाच्या हातून मुलाच्या हातात गेलेला दिसतो का, हे बघा. दिसला तर दुवा पक्का. नाही दिसला तर वंशावळीत तुटक रेघ काढा, शेजारी कारण लिहा, आणि त्या खेड्याच्या पुढच्या गुंडाळीकडे वळा.